आल्प्समधील दोन निवासी शाळा : एग्लाँ की त्सुओत्स?

पाल्याला स्वित्झर्लंडला पाठविण्याचा विचार करणाऱ्या पालकांसाठी तुलनात्मक माहिती

स्वित्झर्लंडमधील निवासी शाळांची माहितीपत्रके एकापाठोपाठ एक चाळली, तर ती एकाच हाताने लिहिली असावीत असा भास होतो. बर्फाच्छादित शिखरे, लाकडी घरे, स्कीइंग करणारी हसरी मुले, अनेक देशांचे विद्यार्थी आणि नामांकित विद्यापीठांची यादी. भारतातील पालकांना या छायाचित्रांवरून निर्णय घेणे अवघड जाते. कारण दोन शाळांमधील खरा फरक छायाचित्रात दिसत नाही. शाळा शेवटी कोणते प्रमाणपत्र देते, तेथील दिवस कोणत्या भाषेत जातो आणि मूल कोणाच्या सहवासात वाढते, या तीन गोष्टींत तो दडलेला असतो.

हा फरक स्पष्ट व्हावा म्हणून येथे दोन जुन्या आणि प्रतिष्ठित शाळांची तुलना केली आहे. व्हो या फ्रेंचभाषक कँटनमधील एग्लाँ कॉलेज ही पहिली, आणि ग्राउब्युंडेन कँटनमधील लिसेयम आल्पिनम त्सुओत्स ही दुसरी. पहिलीच्या नावात 'कॉलेज' हा शब्द असला तरी दोन्ही संस्था शाळाच आहेत, आणि दोन्ही ठिकाणी मुले व मुली एकत्र शिकतात.

शाळा डोंगरावर का गेल्या?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्प्सची कोरडी व स्वच्छ हवा क्षयरोगावर गुणकारी मानली जात असे. दाव्होस, लेझाँ यांसारख्या गावांत त्या काळी मोठमोठी आरोग्यधामे उभी राहिली. अशक्त मुलांनाही डोंगरावर ठेवण्याची प्रथा पडली. पुढे औषधोपचार बदलले आणि आरोग्यधामांचे महत्त्व ओसरले. मात्र उंचावरील हवा, व्यायाम आणि शिस्त यांनी मूल घडते ही समजूत टिकून राहिली. आपल्याकडे पाचगणी, मसुरी, कोडाईकनाल येथे शाळा वाढल्या त्यामागेही थंड हवेचे हेच आकर्षण होते.

स्वित्झर्लंडमध्ये शिक्षण हा प्रामुख्याने कँटनचा विषय आहे. देशात २६ कँटन असून प्रत्येकाचे शिक्षणविषयक नियम वेगळे आहेत. त्यामुळे 'स्विस शाळा' असा एकच एक साचा अस्तित्वात नाही. खाजगी शाळा इंग्रजी, अमेरिकी, फ्रेंच, आंतरराष्ट्रीय किंवा स्विस अभ्यासक्रम राबवू शकते. पालकांनी विचारायचा पहिला प्रश्न म्हणूनच 'शाळा किती चांगली आहे' हा नसून 'शाळा कोणत्या परंपरेची आहे' हा आहे.

एग्लाँ : इंग्रजी परंपरेची शाळा

फ्रेंच भाषेत 'एग्लाँ' म्हणजे गरुडाचे पिल्लू. ही शाळा रोन नदीच्या खोऱ्यावर, व्हिलार या पर्यटनस्थळाला लागून असलेल्या शेसिएर गावात सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. जॉन कॉर्लेट या इंग्रज शिक्षकाने १९४९ साली तिची स्थापना केली. कॉर्लेट यांनी स्कॉटलंडमधील गॉर्डनस्टन शाळेत कुर्ट हान यांच्यासमवेत काम केले होते.

कुर्ट हान हे मूळचे जर्मन शिक्षणतज्ज्ञ. नाझी राजवटीने १९३३ साली त्यांना अटक केली. सुटकेनंतर ते ब्रिटनला गेले आणि १९३४ साली त्यांनी गॉर्डनस्टनची स्थापना केली. पुस्तकी अभ्यासाइतकेच गिर्यारोहण, सेवाकार्य आणि स्वतःवर सोपविलेली जबाबदारी यांतून चारित्र्य घडते, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. एग्लाँमध्ये आजही पदभ्रमण व डोंगरावरील मुक्कामाच्या मोहिमा हा शालेय जीवनाचा आवश्यक भाग आहे. सकाळी सर्वांनी एकत्र येऊन काही काळ शांत बसण्याची प्रथाही कॉर्लेट यांच्या काळापासून चालत आली आहे.

हान यांच्या विचारांचा धागा महाराष्ट्रापर्यंत पोहोचलेला आहे, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. त्यांच्याच प्रेरणेने सुरू झालेल्या युनायटेड वर्ल्ड कॉलेज या चळवळीचे महाविद्यालय १९९७ साली पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात सुरू झाले. एग्लाँ ज्या राउंड स्क्वेअर या शाळांच्या संघटनेच्या आरंभीच्या सदस्यांपैकी आहे, तिच्यात डेहराडूनच्या दून स्कूलसह अनेक भारतीय निवासी शाळा आहेत.

एग्लाँमध्ये विद्यार्थी लहान लहान निवासगृहांत विभागलेले असतात. प्रत्येक गृहाचे प्रमुख शिक्षक तेथेच राहतात. मुलाची ओळख 'अमुक इयत्तेचा' याबरोबरच 'अमुक गृहाचा' अशीही असते. ही पद्धत इंग्लंडमधील निवासी शाळांतून आली आहे. अध्यापनाचे माध्यम इंग्रजी असून विद्यार्थी प्रथम केंब्रिज पद्धतीच्या आयजीसीएसई परीक्षेला आणि त्यानंतर इंटरनॅशनल बॅकलॉरिएट म्हणजेच आयबी डिप्लोमाला बसतात. विद्यार्थीसंख्या चारशेच्या आसपास असून बहुतेक सर्व विद्यार्थी निवासी आहेत. लहान मुलांसाठी कनिष्ठ विभागही आहे.

या परिसराचा भारताशी एक जुना संबंध आहे. व्हिलारहून दात्यांच्या रुळांची छोटी रेल्वे खाली बेक्स गावात उतरते. स्थानिक उच्चार 'बे'. पत्नी कमला यांच्या उपचारांसाठी जवाहरलाल नेहरू १९२६ साली स्वित्झर्लंडला आले होते. त्या वास्तव्यात बालवयातील इंदिरा गांधी प्रथम जिनिव्हात आणि नंतर याच बेक्स गावातील एका शाळेत शिकल्या. आजारी आई, प्रवासात असलेले वडील आणि परक्या भाषेतील वर्ग असा तो काळ होता. मुलाला दूरच्या शाळेत ठेवण्याचा प्रश्न भारतीय कुटुंबांपुढे आजच उभा राहिलेला नाही, याची आठवण हा इतिहास करून देतो.

त्सुओत्स : स्विस परंपरेची शाळा

लिसेयम आल्पिनमची स्थापना १९०४ साली 'इन्स्टिट्यूट एंगियादिना' या नावाने झाली. एंगादीन खोऱ्याच्या वरच्या भागातील त्सुओत्स हे गाव सुमारे १७०० मीटर उंचीवर वसले आहे. जाड भिंती आणि त्यांवरील कोरीव नक्षी यांसाठी ओळखली जाणारी एंगादिनी घरे येथे मोठ्या संख्येने टिकून आहेत. गावाची पारंपरिक भाषा रोमान्श. लॅटिनपासून उत्पन्न झालेल्या या भाषेला १९३८ साली जनमत घेऊन स्वित्झर्लंडची चौथी राष्ट्रभाषा म्हणून मान्यता देण्यात आली.

या शाळेचे वेगळेपण तिच्या विद्यार्थीवर्गात आहे. एकूण सुमारे तीनशे विद्यार्थ्यांपैकी दोनशेच्या आसपास निवासी आणि उरलेले खोऱ्यातील गावांतून रोज येणारे असतात. म्हणजेच शाळा एकीकडे आंतरराष्ट्रीय वसतिगृह आहे, तर दुसरीकडे स्थानिक कुटुंबांची शाळाही आहे. परदेशातून आलेल्या मुलाच्या बाकावर शेजारच्या गावातील सुताराचे किंवा डॉक्टरचे मूल बसू शकते. शाळा सुटल्यावर ते घरी जाते, घरी रोमान्श किंवा जर्मन बोलते आणि १ मार्च रोजी गळ्यात घंटा बांधून हिवाळ्याला पिटाळून लावण्याच्या चालांदामार्त्स या मुलांच्या सणात सहभागी होते.

शाळेत साधारणतः बाराव्या वर्षापासून प्रवेश मिळतो. येथे दोन मार्ग उपलब्ध आहेत. पहिला, जर्मन व इंग्रजी या दोन भाषांतून चालणारा स्विस माटुरा. दुसरा, इंग्रजीतून आयबी डिप्लोमा. खेळांत स्कीइंगबरोबर क्रिकेट आणि फाइव्ह्ज या इंग्रजी खेळांची जुनी परंपरा आहे. मालोया ते श्कान्फ असे ४२ किलोमीटरचे अंतर कापणारी एंगादीन स्की मॅरेथॉन १९६९ सालापासून याच खोऱ्यात भरविली जाते. फोक्सवॅगन कंपनीचे माजी प्रमुख फर्डिनांड पिएख हे या शाळेचे माजी विद्यार्थी होते.

प्रमाणपत्र : निवडीचा पहिला निकष

शाळा निवडताना शेवटाकडून सुरुवात करावी, असा सल्ला अनुभवी समुपदेशक देतात. अठराव्या वर्षी मुलाच्या हाती कोणते प्रमाणपत्र असेल आणि ते कोणत्या देशात चालेल, हे आधी निश्चित करावे.

आयबी कार्यक्रमाचा उगम १९६८ साली जिनिव्हात झाला. डिप्लोमासाठी सहा विषय, चार हजार शब्दांपर्यंतचा एक संशोधनपर निबंध, ज्ञानमीमांसेचा अभ्यासक्रम आणि कला-क्रीडा-सेवा यांतील सहभाग आवश्यक असतो. कमाल गुण ४५ आणि उत्तीर्ण होण्यासाठी किमान २४ गुण लागतात. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, सिंगापूर आणि युरोपातील बहुतेक देशांची विद्यापीठे हे प्रमाणपत्र जाणतात.

स्विस माटुराचे स्वरूप निराळे आहे. गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल, भाषा आणि कला असे अनेक विषय त्यात शेवटपर्यंत चालू राहतात. स्विस विद्यापीठांत बहुतांश शाखांना या प्रमाणपत्रावर थेट प्रवेश मिळतो. वैद्यकीय शाखेसाठी मात्र स्वतंत्र निर्बंध आहेत. झुरिखच्या प्रसिद्ध तंत्रविद्यापीठाचे दार आयबीधारकांनाही उघडे आहे, परंतु त्यासाठी विषयांची निवड आणि गुण यांबाबत कडक अटी आहेत.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, मुलाला इंग्रजी भाषक देशांत पाठवायचे असेल तर दोन्ही शाळांतील आयबी मार्ग सारखाच उपयोगी आहे. स्वित्झर्लंड, जर्मनी किंवा ऑस्ट्रिया येथे पुढील शिक्षण घ्यायचे असेल, तर त्सुओत्सचा माटुरा मार्ग अधिक सरळ आहे. मात्र त्यासाठी जर्मन भाषेवर खरोखरीचे प्रभुत्व लागते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ते साधू शकते. सोळाव्या वर्षी नव्याने आलेल्या मुलाला सहसा साधत नाही.

भारतात परतण्याचा मार्ग

मूल पुढे भारतात शिकेल ही शक्यता अनेक कुटुंबे प्रवेशाच्या वेळी विचारात घेत नाहीत. दोन वर्षांनंतर परिस्थिती बदलते आणि अडचण उभी राहते.

भारतीय विश्वविद्यालय संघ आयबी डिप्लोमाला बारावीशी समकक्ष मानतो. परंतु व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी विषयांचे बंधन असते. वैद्यकीय प्रवेशासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे तिन्ही विषय लागतात. आयबीच्या नेहमीच्या रचनेत मात्र दोनच विज्ञान विषय बसतात. तिसरा घेण्यासाठी शाळेमार्फत विशेष परवानगी मागावी लागते. अभियांत्रिकीसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हा गट कला विषय सोडून घेता येतो. हा निर्णय अकरावीच्या आरंभीच करावा लागतो. नंतर तो दुरुस्त होत नाही.

स्विस माटुरा घेऊन भारतात परतायचे असल्यास समकक्षता प्रमाणपत्राची चौकशी प्रवेशापूर्वीच संबंधित विद्यापीठाकडे व विश्वविद्यालय संघाकडे करून लेखी उत्तर घ्यावे. स्वित्झर्लंडमधील शैक्षणिक वर्ष ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये सुरू होऊन जूनमध्ये संपते. आयबीचे निकाल जुलैच्या आरंभी लागतात, हेही भारतातील प्रवेशाच्या वेळापत्रकाशी ताडून पाहावे.

दिवसाची भाषा आणि घरची भाषा

एग्लाँमध्ये वर्गाची भाषा इंग्रजी आणि वर्गाबाहेरची सामायिक भाषाही इंग्रजीच आहे. फ्रेंच हा विषय शिकविला जातो आणि गावात तो कानी पडतो. परंतु फ्रेंच न शिकताही मूल तेथे सुखाने राहू शकते. त्सुओत्समध्ये इंग्रजीच्या बरोबरीने जर्मन सतत कानावर पडते. स्विस लोक आपापसात जी जर्मन बोली बोलतात ती पुस्तकी जर्मनपेक्षा बरीच वेगळी असते. पहिले वर्ष त्यामुळे जड जाते. ते पार पडले की मूल दोन भाषांत वावरू लागते, हा त्या कष्टाचा लाभ.

मराठी कुटुंबांसाठी यापुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे. बाराव्या वर्षी घर सोडणाऱ्या मुलाची मराठी बहुधा त्याच वयात थांबते. आजीशी बोलण्यापुरती ती उरते, परंतु वाचन-लेखन मागे पडते. आयबीमध्ये मातृभाषेतील साहित्य शाळेच्या साहाय्याने स्वयंअध्ययन करून विषय म्हणून घेण्याची तरतूद आहे. मराठीसाठी ही सोय देता येईल का, शिक्षक कोठून मिळेल आणि त्याचे मानधन कोण देईल, हे दोन्ही शाळांना प्रवेशापूर्वी विचारता येते. सुट्टीत नेलेली चार मराठी पुस्तके आणि आठवड्यातून एक हस्तलिखित पत्र यांचाही उपयोग कमी नाही.

सहवास आणि एकाकीपण

एग्लाँमध्ये जवळजवळ सर्वच मुले घरापासून दूर असतात. त्यामुळे शनिवार-रविवार ओकेबोके जात नाहीत. मोहिमा, सामने आणि गृहातील कार्यक्रम यांनी ते भरलेले असतात. अबोल मुलाला अशा आखीव दिनक्रमाचा आधार वाटू शकतो. तथापि ज्याला एकांत प्रिय आहे त्याला दिवसभर समूहात राहणे कठीण जाते.

त्सुओत्समध्ये रोज घरी जाणारी मुले वर्गात असल्याने स्थानिक घरात जेवणाचे निमंत्रण मिळण्याची, गावाशी नाते जुळण्याची शक्यता अधिक असते. मात्र संध्याकाळी वर्गमित्र घरी निघाला की वसतिगृहात राहणाऱ्याला आपल्या घराची आठवण तीव्रतेने होते. गाव लहान आहे, हिवाळा दीर्घ आहे आणि एंगादीनमध्ये तापमान शून्याच्या बरेच खाली जाते. डोंगराची ओढ असलेल्या मुलाला हे स्वर्गासमान वाटेल. शहरी गजबजाटात रमणाऱ्या मुलाला नोव्हेंबर महिना संपता संपणार नाही.

निवासी जीवनाची काळी बाजूही पालकांनी जाणून घ्यावी. अमेरिकी लेखक ॲलन कुर्झवाइल हे १९७० च्या दशकाच्या आरंभी एग्लाँमध्ये होते. खोलीतील एका मुलाने दिलेल्या त्रासाचा आणि पुढे त्या मुलाच्या दीर्घकाळ घेतलेल्या शोधाचा वृत्तांत त्यांनी २०१५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. ती अर्धशतकापूर्वीची घटना असून तिच्यावरून आजच्या शाळेचे मूल्यमापन करणे योग्य होणार नाही. परंतु वसतिगृहाच्या खोलीत दहा वर्षांच्या मुलाला जे सोसावे लागते ते प्रौढपणीही पुसले जात नाही, हा त्यातील बोध कोणत्याही निवासी शाळेला लागू आहे. मग ती आल्प्समधील असो वा सह्याद्रीतील.

खर्च

या दोन्ही शाळा जगातील महागड्या शाळांच्या वर्गात मोडतात. एग्लाँचे वरच्या इयत्तांचे वार्षिक शुल्क एक लाख स्विस फ्रँकहून अधिक आहे. एका फ्रँकचा दर शंभर रुपयांच्या वर असल्याने ही रक्कम एक कोटी रुपयांच्या पुढे जाते. त्सुओत्समध्ये शुल्क इयत्ता व अभ्यासक्रमानुसार ठरते. दोन्ही शाळांकडून चालू वर्षाचे शुल्कपत्रक मागवूनच तुलना करावी, कारण शुल्क दरवर्षी बदलते.

जाहीर शुल्क म्हणजे संपूर्ण खर्च नव्हे. प्रवेशशुल्क, अनामत रक्कम, आरोग्य विमा, स्कीचे साहित्य, सहली, परीक्षाशुल्क, खाजगी शिकवणी, हातखर्च आणि वर्षातून तीन-चार वेळचा विमानप्रवास यांची बेरीज वेगळी होते. मूल वर्षाच्या मध्येच परत आले तर कोणती रक्कम परत मिळेल, हा मुद्दा करारपत्रात पाहावा.

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेनुसार एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता येते. ठराविक मर्यादेपलीकडील रकमेवर बँक उगमस्थानी कर वसूल करते; तो नंतर प्राप्तिकरात समायोजित होतो. दर व मर्यादा अर्थसंकल्पात बदलत असल्याने पैसे पाठविण्यापूर्वी सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा. रुपया घसरला तर सहा वर्षांचा खर्च अंदाजाबाहेर जातो. म्हणून पहिल्या वर्षाचे शुल्क भरता येते का यापेक्षा शेवटच्या वर्षाचे भरता येईल का, हा विचार अधिक महत्त्वाचा आहे.

परवानगी आणि प्रवास

भारतीय विद्यार्थ्याला दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा आणि स्वित्झर्लंडमध्ये पोहोचल्यावर निवास परवाना घ्यावा लागतो. अर्जावरील निर्णय संबंधित कँटनचे स्थलांतर कार्यालय करते. या प्रक्रियेस अनेक आठवडे लागतात. म्हणून शाळेच्या प्रवेशाची कार्यवाही साधारण वर्षभर आधी सुरू करणे हिताचे ठरते. मुलाच्या परवान्यामुळे पालकांना तेथे राहण्याचा हक्क मिळत नाही. भेटीसाठी त्यांना शेंगेन व्हिसा घ्यावा लागतो व त्यावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. शिक्षणाचा परवाना म्हणजे पुढे स्थायिक होण्याची हमी नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

मुंबई व दिल्लीहून झुरिखला थेट विमानसेवा आहे. त्सुओत्सला जाण्यासाठी तेथून रेल्वे बदलत एंगादीन गाठावे लागते. स्थानक गावातच आहे. एग्लाँसाठी जिनिव्हा विमानतळ अधिक जवळचा. तेथून रेल्वेने एग्ल किंवा बेक्सपर्यंत आणि पुढे बस अथवा डोंगरी रेल्वेने वर जाता येते. भारत आणि स्वित्झर्लंड यांच्या वेळेत हिवाळ्यात साडेचार तासांचे व उन्हाळ्यात साडेतीन तासांचे अंतर असते. मुलाची रात्रीची मोकळी वेळ म्हणजे भारतातील मध्यरात्र. साप्ताहिक संभाषणाची वेळ आधीच ठरवून घेतलेली बरी.

दृष्टिक्षेपात तुलना

• स्थापना : एग्लाँ १९४९, त्सुओत्स १९०४.
• उंची : एग्लाँ सुमारे १२०० मीटर, त्सुओत्स सुमारे १७०० मीटर.
• कँटन : एग्लाँ व्हो, त्सुओत्स ग्राउब्युंडेन.
• परिसराची भाषा : एग्लाँ फ्रेंच; त्सुओत्स रोमान्श व जर्मन.
• अध्यापनाची भाषा : एग्लाँ इंग्रजी, त्सुओत्स जर्मन व इंग्रजी.
• अंतिम प्रमाणपत्र : एग्लाँ आयबी, त्सुओत्स स्विस माटुरा किंवा आयबी.
• विद्यार्थीवर्ग : एग्लाँ मुख्यतः निवासी, त्सुओत्स निवासी व स्थानिक मिळून.
• प्रवेशाचे वय : एग्लाँमध्ये कनिष्ठ विभागही उपलब्ध, त्सुओत्समध्ये साधारण बाराव्या वर्षापासून.

भेटीच्या वेळी विचारावयाचे प्रश्न

शाळा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. शक्य असल्यास ही भेट नोव्हेंबरमध्ये किंवा मार्चच्या अखेरीस, म्हणजे उन्हाळ्याचे सौंदर्य आणि बर्फाचा उत्सव दोन्ही नसताना घ्यावी. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन्ही ठिकाणी लिहून घेतल्यास तुलना सोपी होते.

१. रात्री मूल आजारी पडले अथवा घाबरले, तर ते कोणाच्या दारावर थाप मारील? ती व्यक्ती त्याच इमारतीत राहते का?

२. त्रास देणे, रॅगिंग किंवा गैरवर्तन यांची तक्रार मूल कोणाकडे करते? शाळेबाहेरील व्यक्तीकडे तक्रारीची सोय आहे का?

३. गेल्या तीन वर्षांत आयबीचे सरासरी गुण किती होते, आणि किती विद्यार्थी परीक्षेपूर्वीच शाळा सोडून गेले? पहिला आकडा सर्व शाळा देतात. दुसरा मुद्दाम विचारावा लागतो.

४. एकाच भाषेचे किंवा देशाचे किती विद्यार्थी आहेत? एखादा गट फार मोठा असेल, तर वर्गाबाहेर त्याचीच भाषा चालते.

५. शाकाहारी मुलाला रोज काय वाढले जाते? आहारपत्रिका न मागता एक दिवस भोजनगृहात जेवून पाहावे.

६. अल्प सुट्ट्यांत वसतिगृह बंद असताना मूल कोठे राहील? तेथे पालक म्हणून कोणाची नोंद लागते?

७. भ्रमणध्वनी केव्हा वापरता येतो व केव्हा जमा करावा लागतो?

मुलाचे मत

दोन्ही शाळा आपापल्या परंपरेत उत्तम आहेत. म्हणूनच त्यांतील कोणती श्रेष्ठ, हा प्रश्न निरर्थक ठरतो. इंग्रजी माध्यम, आखीव दिनक्रम, डोंगरी मोहिमा आणि जगभर चालणारे प्रमाणपत्र हवे असेल, तर एग्लाँ योग्य. मूल लहान वयात जाणार असेल, नवी भाषा शिकण्याचे कष्ट त्याला आवडत असतील आणि युरोपातच पुढे शिकण्याचा मानस असेल, तर त्सुओत्सचा विचार आधी करावा. सोळाव्या वर्षी केवळ दोन वर्षांसाठी पाठवायचे असेल, तर मुळशी किंवा कोडाईकनाल येथेही आयबी डिप्लोमा मिळतो, हे विसरू नये. कोडाईकनालची शाळा तर १९७६ साली आयबी स्वीकारणारी भारतातील पहिली शाळा होती. तेथे मूल दूर असते, परंतु देशातच असते.

शेवटी, भेटीहून परतताना मुलाला एकच प्रश्न विचारावा : शाळेत कोणाशी बोललास? इमारत, स्की आणि तलाव यांविषयी ते भरभरून सांगेल. त्याने एखाद्या विद्यार्थ्याचे किंवा शिक्षिकेचे नाव घेतले, त्यांचे बोलणे आठवून सांगितले, तर त्या जागी त्याला माणूस भेटला असे समजावे. नाव आठवत नसेल, तर प्रवेशाचा अर्ज आणखी एक वर्ष कपाटात राहिला तरी काही बिघडत नाही.